प्रार्थनेत देवाचं ऐकायचं म्हणजे नेमकं काय करायचं? नव्याने बसणाऱ्यांसाठी

मंडळीत नव्याने आलेल्याला प्रार्थना कशी करायची हे कोणीतरी शिकवतंच. स्तुती करा, उपकार माना, पाप कबूल करा, मग मागणं मागा. पुढे कधीतरी कोणी सहज म्हणतं, "अहो, देवाचंही ऐकत जा," आणि माणूस तिथेच अडतो. ऐकायचं म्हणजे काय? कानाला आवाज येतो का? आला तर तो देवाचाच कशावरून? आणि काहीच आलं नाही, तर आपल्या विश्वासात खोट आहे का? साक्षी, म्हणजे मंडळीत सांगितलेले विश्वासाचे अनुभव, ऐकून हा गोंधळ आणखी वाढतो. साक्षीत "देव मला म्हणाला" एवढं एकच वाक्य असतं, पण ते त्या व्यक्तीला कसं कळलं, तिने ते कसं तपासलं, हे सहसा कोणी सांगत नाही. तेच मी इथे पायरीपायरीने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात येशू म्हणतो की मेंढरं मेंढपाळाची वाणी ओळखतात आणि परक्याच्या मागे जात नाहीत. ही ओळख सहवासातून होते. त्यामुळे सुरुवातीला "उत्तर मिळालं का?" हा प्रश्न बाजूला ठेवा. बोलणारा ओळखीचा होतो आहे का, तिकडे लक्ष द्या. नोकरी, लग्न, घर असे मोठे प्रश्न घेऊन पहिल्याच दिवशी ऐकायला बसलेला माणूस बहुधा आपल्याच मनाचा आवाज ऐकून उठतो.

काय काय लागेल

पवित्र शास्त्राची छापील प्रत, तुम्हाला सहज समजेल अशा भाषांतरातली. फोनवरचं बायबल वाईट नाही, पण मेसेज आला की बोट तिकडे जातंच.

वही आणि पेन. हबक्कूक संदेष्टा दुसऱ्या अध्यायात म्हणतो, मी माझ्या पहाऱ्याच्या जागी उभा राहीन आणि तो काय बोलतो ते पाहीन. त्याला पहिली आज्ञा मिळते ती लिहून ठेवण्याची.

रोजची ठरलेली वीस मिनिटं. येशू पहाटे अंधारात उठून एकांतात गेला, असं मार्काच्या पहिल्या अध्यायात आहे. पण पहाटच हवी असा नियम नाही. तुमचं डोकं ज्या वेळी जागं असतं, ती वेळ निवडा.

आणि एक माणूस. पाळक, फादर, सिस्टर किंवा विश्वासात मुरलेली कोणी वडीलधारी व्यक्ती, जी तुम्हाला तोंडावर "मला नाही तसं वाटत" म्हणू शकेल. वही, वेळ सगळेच जमवतात आणि हा माणूस शोधायचा तेवढा राहून जातो.

१. आधी शरीराकडे बघा

१ राजे १९ मधली एलीया संदेष्ट्याची "शांत, मंद वाणी" सगळ्यांना माहीत असते. त्याआधी काय घडलं ते मात्र घाईत वाचलं जातं. एलीया ईजबेल राणीच्या धमकीने पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणाला. त्यावर देवदूताने त्याला ना बोध केला, ना प्रश्न विचारला. त्याला झोपू दिलं, उठवलं, भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला, तर पुन्हा उठवून खायला दिलं. त्यानंतर तो होरेबापर्यंत चालला आणि मग त्याने ती वाणी ऐकली.

तुम्ही आठवडाभर नीट झोपला नसाल, आजारी असाल, नुकतं कोणी गेलं असेल, तर ऐकण्याचा हट्ट धरू नका. एखादं स्तोत्र वाचा, "प्रभू, मी थकलोय" म्हणा आणि झोपा. थकलेल्या मनाला प्रत्येक आवाज खूप मोठा ऐकू येतो.

२. पोटातलं सगळं बोलून टाका

डोकं भरलेलं असताना गप्प बसलं की ते स्वतःच बोलायला लागतं. म्हणून आधी मोकळे व्हा. हिज्कीया राजाला अश्शूरांचं धमकीचं पत्र आलं तेव्हा तो ते घेऊन मंदिरात गेला आणि परमेश्वरासमोर उलगडून ठेवलं (२ राजे १९). अगदी तसंच करा. ज्या गोष्टीने रात्री झोप उडाली ती नाव घेऊन सांगा. राग असेल तर राग सांगा. स्तोत्र १३ ची सुरुवातच "हे परमेश्वरा, किती वेळ?" अशी आहे, तेव्हा देवापुढे सभ्य शब्द शोधत बसायची गरज नाही.

मध्येच "गॅसचं बिल भरायचंय" असं आठवलं तर वहीच्या मागच्या पानावर टिपून टाका. त्याच्याशी झगडत बसू नका.

३. वचनापासून सुरुवात करा

ब्रिस्टलमध्ये अनाथ मुलांसाठी आयुष्य वेचलेले जॉर्ज म्युलर पूर्वी उठल्याबरोबर प्रार्थनेला बसत आणि कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास त्यांचं मन भरकटत राही. १८४१ मध्ये त्यांनी क्रम बदलला. आधी वचन वाचायचं, त्यावर मनन करायचं आणि त्यातूनच प्रार्थना सुरू होऊ द्यायची. मनन करता करता आपण कधी प्रार्थना करू लागलो हे त्यांना कळेनासं झालं. त्याच्याही कितीतरी आधी, बाराव्या शतकात, कार्थुसियन मठवासी दुसरे ग्विगो यांनी याच रीतीच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवासमोर नुसतं असणं. कॅथलिक मंडळींमध्ये ही रीत "लेक्सिओ दिविना" म्हणून आजही चालते.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते एका उताऱ्यावर दाखवते. मार्क १०:४६ ते ५२. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा भिकारी बार्तीमय.

एकदा सरळ वाचा, गोष्ट म्हणून. दुसऱ्यांदा सावकाश, शक्य असेल तर हलक्या आवाजात वाचा आणि कुठे अडकायला होतं ते बघा. एखाद्याला दिसेल की जे लोक बार्तीमयाला "गप्प बस" म्हणून दटावत होते, तेच थोड्या वेळाने "धीर धर, ऊठ, तो तुला बोलावतोय" म्हणतात. दुसऱ्या कोणाचं लक्ष त्याने टाकून दिलेल्या अंगरख्याकडे जाईल. भिकाऱ्याकडे अंगरख्याशिवाय दुसरं असतं काय? तोही त्याने टाकला. तिसरा कोणी येशूच्या प्रश्नापाशी थांबेल: "मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?" समोर उभा माणूस आंधळा आहे हे दिसत असूनही येशू विचारतो.

जिथे अडकलात तिथेच थांबा, पुढचं वाचू नका. तो प्रश्न तुम्हाला विचारला आहे असं धरा आणि खरं उत्तर द्या. पहिलं उत्तर बहुतेक वेळा शिकवल्यासारखं असतं, "माझा विश्वास वाढव" वगैरे. त्याखालचं उत्तर येईपर्यंत थांबा. देवाचं ऐकणं बऱ्याचदा इथेच सुरू होतं. त्याचा प्रश्न आपल्याला लागू पडतो आणि आपण काय लपवत होतो ते आपल्यालाच कळतं.

इथला सापळा: डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं आणि तेच देवाचं उत्तर मानायचं. हा कौल लावण्याचाच प्रकार झाला. अरण्यात सैतानानेही येशूला वचनच ऐकवलं होतं, स्तोत्र ९१ मधलं. येशूने अनुवाद या पुस्तकातल्या दुसऱ्या वचनाने त्याला उत्तर दिलं. एखादी सुटी ओळ कुठेही वळवता येते, म्हणून मागचा-पुढचा अध्याय वाचा, आणि शक्यतो एकच पुस्तक सलग वाचत जा.

४. आता गप्प बसा

पाच मिनिटं पुरेत. बाल शमुवेलाचे शब्द म्हणा: "बोल, तुझा दास ऐकत आहे." आणि थांबा.

काय होईल? बहुतेक दिवशी काहीच नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. मन इकडेतिकडे जाईल. ते लक्षात आलं की त्या उताऱ्यातला एक शब्द मनात म्हणा आणि परत या. परत येणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे. कानाने ऐकू येणारा आवाज पवित्र शास्त्रातही रोजच्या घटनेसारखा दिसत नाही. बहुतेकांना जे जाणवतं ते साधं असतं: वाचलेली एक ओळ मनातून जात नाही, कोणाचा तरी चेहरा सारखा समोर येतो, एखादी टाळलेली गोष्ट टाळवत नाही, किंवा भीती वाटत होती तिथे कारण नसताना शांतता येते.

मला एकदा अशीच एका दूरच्या मावशींची आठवण सलग काही दिवस येत राहिली. काही कारण नव्हतं. मी फोन केला. त्यांना काहीही झालेलं नव्हतं, त्या मजेत होत्या. आम्ही अर्धा तास बोललो आणि फोन ठेवताना "पुन्हा कर गं" म्हणाल्या. एवढंच. पुढे कुठलाही चमत्कार घडला नाही. तरी ती आठवण प्रभूकडून होती असं मी मानते. एकट्या माणसाची विचारपूस करायला सांगणारा आवाज शास्त्राशी जुळतो का, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

५. लिहून ठेवा, आहे तसं

तारीख, उतारा, आणि जे जाणवलं ते दोन-तीन ओळींत. "देव म्हणाला" असं लिहू नका, "असं वाटलं" लिहा. त्याच वेळी मनःस्थिती काय होती तेही लिहा: घाबरलेली, उत्साही, चिडलेली. पुढच्या पायरीला ही नोंद फार कामाला येते. महिन्यातून एकदा मागची पानं वाचा. एखादा विषय वेगवेगळ्या उताऱ्यांतून पुन्हा पुन्हा डोकावत असेल, तर तो एका दिवसाच्या लहरीपेक्षा जास्त भरवशाचा.

६. पारख करा

पौल थेस्सलनीकाकरांना एकाच दमात दोन्ही गोष्टी सांगतो: संदेशांना तुच्छ मानू नका आणि सगळ्याची पारख करा. योहानही म्हणतो, प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका. पारख म्हणजे अविश्वास नव्हे. ती आज्ञाच आहे. मी स्वतः हे प्रश्न या क्रमाने विचारते.

हे येशूच्या शिकवणीशी आणि वागणुकीशी जुळतं का? इथे नापास झालं तर पुढे जाऊच नका. खोटं बोला, सूड घ्या, जोडीदाराला फसवा, हे कितीही गोड शांततेत जाणवलं तरी ते देवाचं नाही.

याचं फळ काय? गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. हे ऐकून मी घरच्यांशी जास्त मायेने वागेन की जास्त ताठ्याने?

मागे चव कोणती राहते? हा प्रश्न स्पेनचे सैनिक आणि पुढे संत झालेले इग्नेशियस लोयोला यांच्याकडून आला. १५२१ मध्ये पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि ते महिनोन्‌महिने घरी पडून राहिले. त्यांनी शूरवीरांच्या कथा मागितल्या, पण घरात होतं फक्त ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या जीवनकथा. पडल्या पडल्या ते दोन प्रकारची स्वप्नं रंगवत: कधी एका उच्चकुलीन स्त्रीसाठी पराक्रम गाजवण्याची, कधी संतांसारखं जगण्याची. स्वप्न चालू असताना दोन्ही गोड वाटत. पण पहिलं संपल्यावर मन कोरडं पडे आणि दुसरं संपल्यावरही आनंद टिकून राही. हा फरक त्यांच्या ध्यानात आला आणि पुढे त्यांनी पारखण्याचे नियम लिहिले ते याच अनुभवातून. म्हणून मोठा उत्साह वाटला की लगेच काही ठरवू नका. दोन दिवसांनी त्याची चव कशी लागते ते बघा.

दोषी ठरवतंय की दाखवून देतंय? नवीन माणसं इथे सगळ्यात जास्त फसतात. पवित्र आत्मा पापाची जाणीव देतो तेव्हा ती नेमकी असते: काल त्या व्यक्तीला तू हे बोललास, जा, क्षमा माग. त्यात वाट असते. "तू काही कामाचा नाहीस, तुझं काही व्हायचं नाही" हा आवाज कुठलंच पाप नेमकं दाखवत नाही आणि कुठलीच वाटही देत नाही. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय ख्रिस्तामध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाही या वाक्याने सुरू होतो. तो आवाज आला की हा अध्याय मोठ्याने वाचा.

खूण मागण्याबद्दलही बोलायला हवं, कारण गिदोनाच्या लोकरीचं (रात्री खळ्यात ठेवलेली लोकर दवाने भिजते की नाही, यावरून त्याने मागितलेल्या खुणेचं) उदाहरण हमखास दिलं जातं. शास्ते ६ नीट वाचा. काय करायचं हे गिदोनाला आधीच स्पष्ट सांगितलेलं होतं. लोकर त्याने भीतीपोटी ठेवली, तीही दोनदा. देवाने त्याची दुर्बलता सांभाळून घेतली, पण म्हणून "आज अमुक फोन आला तर होकार" ही रीत होत नाही.

एक इशारा, अगदी गंभीरपणे. कानाला प्रत्यक्ष आवाज ऐकू येत असतील, ते थांबत नसतील, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, औषधं बंद करायला सांगत असतील, झोप पूर्ण उडाली असेल, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. त्यात विश्वासाची हार नाही. प्रार्थना आणि उपचार एकत्र चालू शकतात.

७. दुसऱ्याला दाखवा

शमुवेलाला हाक आली तेव्हा तो तीनदा उठून याजक एलीकडे धावला. त्याला देवाचा आवाज ओळखता येत नव्हता; ओळखला तो म्हाताऱ्या, दृष्टी मंदावलेल्या एलीने. विशेष म्हणजे निरोप एलीच्याच घराण्याविरुद्ध होता आणि तरी "काही लपवू नकोस" असं एलीनेच सांगितलं. तुमचा ऐकणारा माणूस असा असावा.

अंत्युखियात बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना पाठवायचं ठरलं तेही मंडळी एकत्र उपास-प्रार्थना करत असताना (प्रेषित १३). आयुष्य बदलणारी कुठलीही गोष्ट एकट्याने ऐकून एकट्याने ठरवू नका.

याची दुसरी बाजूही आहे. कोणी तुम्हाला येऊन सांगितलं, "देवाने मला सांगितलंय, तू माझ्याशी लग्न करायचंस," "एवढे पैसे दे," "घरच्यांशी संबंध तोड," तर तुम्हाला नाही म्हणायचा पूर्ण अधिकार आहे. सांगणारा व्यासपीठावरून बोलत असला तरी. जो आपला संदेश तपासू देत नाही आणि घाई करतो, त्याच्यापासून दूर राहा. आणि हे त्याच दिवशी दुसऱ्या कोणा भरवशाच्या माणसाला सांगा.

८. जे कळलं ते करा

यिर्मया ४२ मध्ये उरलेसुरले यहूदी खास्द्यांच्या (बाबेलच्या लोकांच्या) भीतीने मिसरात निघालेले असतात. ते यिर्मयाला म्हणतात, आमच्यासाठी विचार. बरं असो, वाईट असो, आम्ही ऐकू. दहा दिवसांनी उत्तर येतं: इथेच राहा. ते म्हणतात, तू खोटं बोलतोस, आणि मिसरात जातात. जाताना यिर्मयालाही नेतात. त्यांना देवाची फक्त सही हवी होती, निर्णय आधीच झाला होता.

म्हणून विचारण्याआधी स्वतःला पडताळा: उत्तर उलट आलं तर मी ऐकेन का? नसेल तर तेच देवाला सांगा, "माझं आधीच ठरलंय आणि ते सोडवत नाही." ही प्रार्थना खरी आहे, आणि पुष्कळदा गाठ तिथेच सुटायला लागते.

आणि जे कळतं ते बहुधा लहान असतं. क्षमा मागा, उधारी फेडा, त्या फोनला उत्तर द्या. तेवढं आधी करा. लहान सांगितलेलं पडून राहिलं असताना मोठं कळावं ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

९. काहीच ऐकू येत नसेल तर

दहा दिवस तर यिर्मयालाही थांबावं लागलं, आणि तो संदेष्टा होता. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि उत्तर मिळालं ते मागितलेलं नव्हतं: "माझी कृपा तुला पुरेशी आहे." स्तोत्र ८८ अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, तरी ते बायबलमध्ये आहे. म्हणजे शांततेचे दिवस विश्वासाच्या बाहेरचे नाहीत.

अशा काळात तीन गोष्टी सांभाळा. ठरलेली वेळ सोडू नका, हवं तर थोडी कमी करा. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्रं किंवा प्रभूची प्रार्थना म्हणा. आणि मन कोरडं असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नका. इग्नेशियस यांचा हा नियम मला फार उपयोगी पडला आहे. एखादं पाप कबूल करायचं राहिलंय का ते एकदा तपासा, पण तेच ते रोज उकरत बसू नका.

१०. दोघांना वेगवेगळं ऐकू आलं तर

हे होतं, आणि प्रामाणिक माणसांत होतं. प्रेषित २१ मध्ये सोर इथले शिष्य आत्म्याच्या प्रेरणेने पौलाला सांगतात की यरुशलेमेस जाऊ नकोस. पुढे कैसरीयात अगब नावाचा संदेष्टा स्वतःचे हातपाय बांधून, तिथे पौलाला असंच बांधतील असं दाखवतो. सगळे रडून विनवतात. पौलाला मात्र आत्म्यानेच तिकडे ओढलेलं असतं, असं आधीच्या अध्यायात आहे. संकटं येणार हे दोन्हीकडे सारखंच कळलं होतं. म्हणून काय करायचं, यावर मतं वेगळी झाली. शेवटी त्यांनी विनवणं थांबवलं, "प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणाले, आणि कैसरीयातले काही शिष्य त्याच्याबरोबर यरुशलेमेपर्यंत गेले.

तेव्हा नेमकं काय जाणवलं आणि त्यावरून आपण काय अर्थ काढला, हे दोन वेगळ्या ओळींत लिहा आणि दोघांच्या वह्या शेजारी ठेवा. पुष्कळदा वरची ओळ सारखी निघते. तरीही जमलं नाही, तर "मला असं वाटतं" एवढंच म्हणा, ज्याचं आयुष्य त्याला निर्णय घेऊ द्या, आणि त्याने वेगळा निर्णय घेतला तरी त्याच्यासोबत प्रार्थनेला बसणं सोडू नका.